5,000 ते 88 : वाफेच्या जहाजावरील रिडक्शन गिअर आतून पाहताना

वाफेच्या टर्बाइनवर चालणारी व्यापारी जहाजे आता मोजकीच उरली आहेत आणि त्यांतली बहुतेक द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणारी, म्हणजे एलएनजी वाहक आहेत. टाक्यांमधल्या द्रवाचा थोडा भाग प्रवासात सतत वायुरूप होत असतो, तो वायू बॉयलरमध्ये सहज जाळता येतो, आणि त्यामुळे इतर मालवाहू जहाजांवरून वाफ हद्दपार झाल्यानंतरही या जहाजांवर ती बरीच वर्षे टिकून राहिली. डिझेल इंजिनांच्या जहाजांवर काही काळ काम केल्यानंतर अशाच एका जहाजावर मी ज्युनिअर इंजिनियर, म्हणजे आपल्याकडच्या खलाशांच्या भाषेत 'पाच साब', म्हणून रुजू झालो. पुढे याच जहाजाच्या ड्रायडॉकच्या, म्हणजे कोरड्या गोदीतल्या दुरुस्तीच्या, वेळी मुख्य रिडक्शन गिअर, म्हणजे टर्बाइनचा वेग कमी करून प्रॉपेलरला देणारी दातेरी चाकांची साखळी, उघडून तपासण्याच्या कामात मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सहभागी होता आले. त्या कामाचा अनुभव मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण टर्बाइनविषयी आणि बॉयलरविषयी पुष्कळ बोलले जाते, पण या दोघांची शक्ती प्रॉपेलरपर्यंत पोचवणाऱ्या यंत्राविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

आमच्या जहाजाची मुख्य टर्बाइन दोन भागांत विभागलेली होती. बॉयलरमधून सुमारे 60 बार दाबाची आणि 510 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली वाफ आधी उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये जाई आणि तिथून निघून कमी दाबाच्या टर्बाइनमध्ये जाई. पूर्ण वेगात पहिली मिनिटाला सुमारे 5,000 फेरे घेई, दुसरी सुमारे 3,300, आणि प्रॉपेलर मात्र 88. वाफ पात्यांमधून प्रचंड वेगाने वाहते, आणि तिच्यातली ऊर्जा नीट काढून घ्यायची असेल तर पात्यांचा वेगही त्याच प्रमाणात मोठा हवा. प्रॉपेलरचे गणित याच्या अगदी उलटे आहे. मोठ्या व्यासाचा आणि संथ फिरणारा प्रॉपेलर पाण्याला कार्यक्षमतेने मागे ढकलतो, तर तोच फार वेगाने फिरवला की पात्यांमागे पाण्यात पोकळ्या तयार होतात, धक्का कमी मिळतो आणि धातूही झिजतो. म्हणजे एकाच शाफ्टवर, एकाच फिरत्या दांड्यावर, या दोघांना जोडले, तर दोघांपैकी एकावर अन्याय होणारच.

हा प्रश्न टर्बाइनच्या जन्मापासूनचा आहे. आधुनिक वाफेच्या टर्बाइनचे जनक चार्ल्स पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' या प्रायोगिक नौकेत टर्बाइन थेट शाफ्टला जोडलेली होती. सुरुवातीचा एकच प्रॉपेलर पाण्यात पोकळ्या करत राहिला आणि नौकेला अपेक्षित वेग मिळेना, म्हणून अखेर तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन असे नऊ प्रॉपेलर बसवावे लागले, तेव्हा कुठे तिने 34 नॉट्सचा, म्हणजे ताशी 34 सागरी मैलांचा, वेग गाठला आणि 1897 मध्ये स्पिटहेडच्या नौदल संचलनात सर्वांना चकित केले. त्यानंतरची मोठी प्रवासी जहाजेही काही वर्षे थेट जोडणीवरच धावली. त्यांच्या टर्बाइन संथ चालवाव्या लागत आणि म्हणून त्या अवाढव्य आकाराच्या बांधाव्या लागत. पार्सन्स यांनी पुढे 'व्हेस्पेशियन' नावाचे एक जुने मालवाहू जहाज विकत घेतले, त्याचे जुने वाफेचे इंजिन काढून तिथे गिअरसह टर्बाइन बसवली आणि 1910 मध्ये चाचण्या घेतल्या. साधारण 20 पट वेग कमी करणाऱ्या त्या गिअरने वाफेच्या वापरात सुमारे 15 टक्के बचत दाखवली. माझ्या मते सागरी टर्बाइनच्या इतिहासात टर्बिनियाइतकेच महत्त्व व्हेस्पेशियनला द्यायला हवे, कारण वाफेची टर्बाइन संथ मालवाहू जहाजालाही परवडू शकते हे तिने सिद्ध केले.

जहाजावर रुजू झालो तेव्हा हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण टर्बाइनच्या मागे असलेल्या, दोन मजले उंच वाटणाऱ्या त्या पोलादी पेटीच्या आत नेमके काय चालते, हे डोळ्यांपुढे येत नव्हते. आमचे चीफ इंजिनियर वेंगुर्ल्याचे होते आणि त्यांची उमेदीची सगळी वर्षे वाफेच्या जहाजांवर गेली होती. मोकळ्या वेळात ते मला कंट्रोल रूममध्ये बोलावून गिअरचा मोठा नकाशा टेबलावर पसरायचे आणि म्हणायचे, "शक्ती कुठून निघते आणि कुठे जाते, ते बोट ठेवून मला दाखव. बोट मध्येच उचलायचं नाही."

बोट ठेवून चाललो की रस्ता असा दिसे. उच्च दाबाच्या टर्बाइनच्या शाफ्टला एक लवचीक कपलिंग, म्हणजे जोडणी, आहे, कारण तापल्यावर टर्बाइन लांबते आणि ती लांबी गिअरवर ढकलली जाता कामा नये. कपलिंगनंतर पहिल्या टप्प्याचे पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, येते. ते पहिल्या टप्प्याच्या मोठ्या चाकाला फिरवते आणि 5,000 फेरे तिथे सुमारे 640 वर येतात. हे चाक दुसऱ्या टप्प्याच्या पिनियनला सरळ जोडलेले नाही. दुसरे पिनियन आतून पोकळ आहे आणि त्या पोकळीतून एक लांब, बारीक शाफ्ट आरपार जातो. त्याला क्विल शाफ्ट म्हणतात. चाकाकडून आलेला पीळ (टॉर्क) हा शाफ्ट पिनियनच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन तिथे लवचीक कपलिंगद्वारे पिनियनला देतो. लांबीमुळे तो किंचित पिळला जाऊ शकतो, त्यामुळे लाटांमध्ये प्रॉपेलरवरचा भार एकदम कमीजास्त झाला तरी त्याचा धक्का दातांवर तसाच्या तसा आदळत नाही. कमी दाबाच्या टर्बाइनचा रस्ताही असाच, फक्त तिचे 3,300 फेरे त्याच 640 वर आणायचे असल्याने तिच्या पहिल्या टप्प्याचे प्रमाण कमी. शेवटी दोन्ही बाजूंची दुसऱ्या टप्प्याची पिनियन एकाच प्रचंड मुख्य चाकाला भिडतात आणि त्या चाकाच्या शाफ्टवरून शक्ती प्रॉपेलरकडे जाते.

वेग कमी होतो तसा पीळ वाढतो, ही गोष्ट आकड्यांत पाहिल्याशिवाय मनावर ठसत नाही. आमच्या यंत्राची पूर्ण शक्ती सुमारे 26,500 किलोवॅट होती. तिची निम्मी शक्ती 5,000 फेऱ्यांवर देणाऱ्या टर्बाइनच्या शाफ्टमध्ये सुमारे 25 किलोन्यूटन-मीटर पीळ असतो, तर 88 फेऱ्यांवर पूर्ण शक्ती नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये तो 2,880 किलोन्यूटन-मीटरच्या आसपास जातो. म्हणूनच पहिला शाफ्ट दोन्ही हातांच्या कवेत मावतो आणि दुसऱ्याशेजारी उभे राहिले तर तो कमरेपर्यंत येतो. मुख्य चाकाचा व्यास 4 मीटरच्या आसपास धरला, तर प्रत्येक पिनियन त्याच्या परिघाला 70 टनांहून अधिक बळाने रेटत असते, आणि हा सारा रेटा कोणत्याही क्षणी एकमेकांना भिडलेल्या थोड्याच दातांवर, त्यांच्यामधल्या केसाहूनही पातळ तेलाच्या थरातून जातो.

दात सरळ नसून तिरपे कापलेले असतात, कारण तिरपा दात एका टोकाकडून हळूहळू भार घेतो, तर सरळ दात एकदम आपटतो. तिरपेपणाचा तोटा असा की त्याने चाक शाफ्टच्या दिशेने एका बाजूला ढकलले जाते. म्हणून चाकावर दातांचे दोन पट्टे असतात, एक डावीकडे कललेला आणि दुसरा उजवीकडे, आणि दोघांचे ढकलणे एकमेकांना रद्द करते. मधली मोकळी खाच सोडली तर हे दात पापलेटच्या काट्यासारखे दिसतात. दातांच्या संख्येतही एक विचार आहे. समजा पिनियनला 61 दात आणि चाकाला 443 दात आहेत. या दोन संख्यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा एखादा दात चाकाच्या त्याच दाताला पुन्हा भेटतो तो 443 फेऱ्यांनंतरच. एका दातावर बारीकसा दोष असला, तरी तो सगळ्या दातांवर विखुरला जातो आणि एकाच जागी खोल रुतत नाही.

असे दात कापणे सोपे नव्हते आणि आजही नाही. मुख्य चाकाचे दात तापमान स्थिर ठेवलेल्या शेडमध्ये, मशीन मध्ये न थांबवता, दिवसरात्र कापले जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडे हे काम करणारी यंत्रसामग्री पुरेशी नव्हती आणि जी होती ती नौदलाच्या जहाजांना लागत होती, म्हणून टी-2 प्रकारची शेकडो तेलवाहू जहाजे गिअरविना, टर्बाइनने वीज तयार करून विजेच्या मोटरने प्रॉपेलर फिरवणारी, अशी बांधली गेली.

चालत्या गिअरशी माझी ओळख झाली ती बंदरातून निघण्याच्या तयारीत. टर्बाइन गरम करताना रोटर एका जागी उभा राहिला, तर वरची बाजू जास्त तापून तो वाकतो. म्हणून टर्निंग गिअर नावाची छोटी मोटर पहिल्या टप्प्याच्या पिनियनमार्फत सगळी साखळी अतिशय संथ फिरवत राहते. प्रॉपेलरचा एक फेरा होईपर्यंत उच्च दाबाची टर्बाइन सुमारे 57 वेळा फिरते. त्यानंतर टर्निंग गिअर सोडवून थोडी वाफ आळीपाळीने पुढच्या आणि मागच्या दिशेला देतात. पुढे नेणाऱ्या पात्यांना वाफ देऊन टर्बाइन उलटी फिरवता येत नाही. मागे जाण्यासाठी कमी दाबाच्या रोटरवरच पात्यांच्या वेगळ्या रांगा असतात, आणि त्यांना वाफ मिळाली की गिअरसकट सगळे उलटे फिरते. दिशा बदलताना दातांमधली फट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला भरली जाते, तेव्हा पेटीतून एक बोथट 'खट्' ऐकू येते. समुद्रात पूर्ण वेग धरला की त्याच्या जागी एक सलग, खर्जातला गुंजारव येतो. वॉचवर, म्हणजे पाळीवर, असताना मी केवळ त्या आवाजावरून यंत्र ठीक आहे असे म्हटले की चीफ लगेच म्हणायचे, "आवाज शेवटी सांगतो, बाबा. त्याच्या आधी तेल सांगतं, आणि तेलाच्याही आधी दात."

तेलाची काळजी हा आमचा रोजचा धर्म होता. बेअरिंगांना आणि दातांवर फवारणाऱ्या नळ्यांना जाणारे तेल 40 ते 45 अंशांवर ठेवायचे, गाळण्या उघडून त्यांतल्या चुंबकांवर काय साठले ते पाहायचे, आणि टर्बाइनच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या वाफ रोखणाऱ्या सीलमधून, निसटलेल्या वाफेचे पाणी प्युरिफायर या तेल शुद्ध करणाऱ्या यंत्राने सतत काढत राहायचे. इंजिनरूमच्या वरच्या भागात तेलाची एक उंचावरची टाकी असते. जहाजावरची वीज गेली आणि पंप थांबले, तर टर्बाइन वेग सोडून थांबेपर्यंत त्या टाकीतले तेल स्वतःच्या वजनाने खाली येत राहते. या टाकीतून तेल परत वाहताना दिसण्यासाठी काच बसवलेली असते, आणि प्रत्येक वॉचला त्या काचेत डोकावण्याची सवय मला लागली ती कायमची.

ड्रायडॉक जवळ आले तेव्हा क्लासच्या, म्हणजे जहाजांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेच्या, सर्वेक्षकासमोर गिअर उघडायचे ठरले. त्या दिवशीची शिस्त मी इतर कोणत्याही कामात पाहिली नाही. गिअरच्या तपासणी झाकणांना कुलपे असतात आणि किल्ल्या चीफ इंजिनियरकडे असतात. वाफेच्या झडपा बंद करून कुलूपबंद केल्या, टर्निंग गिअर गुंतवला, प्रॉपेलरजवळ काम करणाऱ्या गोदीच्या माणसांना बाजूला व्हायला सांगितले आणि तसे फलक लावले. वरच्या मजल्यावरचे रंगकाम व घासकाम थांबवले. पेटीतले तेल थंड होऊन तेलाची वाफ निघून जाईपर्यंत थांबलो, कारण ती पेट घेऊ शकते. मग प्रत्येकाने खिसे रिकामे केले. पेन, मोबाइल, घड्याळ, अंगठी, सगळे एका ट्रेमध्ये. बॉयलर सूटची बटणे टेपने झाकली. प्रत्येक हत्याराला दोरी बांधून ती मनगटाला अडकवली, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद फळ्यावर केली. ती नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. एक सुटा नट या पेटीत राहिला, तर एखाद्या पिनियनच्या तोंडात जाईल आणि जहाज कित्येक महिने जागेवर उभे राहील, एवढे कळल्यावर ही शिस्त अतिरेकी वाटत नाही.

झाकण एका वेळी एकच उघडायचे, आणि उघड्या झाकणाशी माणूस उभा हवाच. पहिले झाकण बाजूला झाले आणि टॉर्चच्या उजेडात मुख्य चाकाचे दात दिसले. तेलाने ओले, राखाडी आणि कडेपासून कडेपर्यंत एकसारखी चमक असलेले. टर्निंग गिअरचे बटण झाकणाशी उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात असते. त्याने चाक थोडे फिरवायचे, थांबवायचे, आणि मग आम्ही फडक्याने दात पुसून पाहायचे. फडकेही धागे न सुटणारे हवे. मुख्य चाकाचा पूर्ण परीघ पाहायचा तर प्रॉपेलरचा एक संपूर्ण फेरा व्हावा लागतो, त्यामुळे सकाळ त्यातच गेली.

दात कसा वाचावा, हे त्या दिवशी मी शिकलो. दोन दात एकमेकांवर काही भाग घरंगळतात आणि काही भाग घसरतात. मधल्या एका रेषेवर फक्त घरंगळणे असते आणि तिच्या वर व खाली घसरण्याची दिशा उलटी होते. त्या रेषेच्या जरा खाली पृष्ठभागावर सर्वांत जास्त ताण येतो आणि बारीक खड्डे पडले तर तिथेच पडतात. नव्या गिअरमध्ये सुरुवातीला असे थोडे खड्डे पडून उंचवटे झिजतात आणि मग ते थांबतात, ते चिंतेचे नसते. खड्डे मोठे होत, एकमेकांना जोडले जात, दाताच्या रुंदीवर पसरत गेले, तर मात्र भार कुठेतरी एकवटला आहे असे समजावे. दाताच्या उंचीच्या दिशेने ओरखडे दिसले, तर तेलाचा थर तुटून धातूला धातू लागला आहे. आम्हाला पहिल्या टप्प्याच्या एका चाकावर, मागच्या पट्ट्याच्या टोकाशी, मोहरीच्या दाण्याहून लहान असे काही खड्डे दिसले. मागच्या तपासणीचे फोटो शेजारी ठेवून प्रत्येक खड्डा जुळवला. नवा एकही नव्हता. सर्वेक्षकाने भिंगातून पाहून त्यांच्या कडा बोथट झाल्या असल्याचे दाखवले. जुना, थांबलेला खड्डा असाच असतो. ताज्या खड्ड्याची कड धारदार लागते.

नंतर पिनियनच्या दातांवर प्रशियन निळ्या रंगाचा पातळ थर दिला, टर्निंग गिअरने साखळी फिरवली आणि चाकाच्या दातांवर उमटलेला ठसा पाहिला. ठसा पूर्ण रुंदीवर सारखा नव्हता, एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिका होता. मी विचारले तेव्हा सर्वेक्षकाने समजावले की पूर्ण भाराखाली पिनियन स्वतः पिळले जाते आणि थोडे वाकतेही. हे आधीच हिशेबात धरून त्याचे दात मुद्दाम किंचित दुरुस्त करून कापलेले असतात. म्हणजे भार नसताना ठसा एकीकडे झुकलेला दिसायलाच हवा, आणि भार आल्यावर तो पूर्ण रुंदीवर पसरतो. कारखान्यातून निघताना घेतलेला ठसा आणि आजचा ठसा जुळतो का, हा खरा प्रश्न. तो जुळत होता. दातांवरच्या चमकेची एकसारखी रुंदी, जी आम्ही सकाळी पाहिली होती, ती समुद्रातल्या पूर्ण भाराची साक्ष होती, आणि हे दोन पुरावे एकत्र वाचल्याशिवाय निर्णय द्यायचा नसतो, हे मला तिथे पटले.

त्या दिवशी मिळालेली लक्ष देण्याजोगी एकमेव गोष्ट दातांवर नव्हतीच. मुख्य चाकाच्या वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे फवाऱ्याचे तेल पोचत नाही, तळहाताएवढा तांबूस डाग होता. जहाज आधी बराच काळ नांगरावर उभे होते. थांबलेल्या गिअरमध्ये कोमट तेलातली वाफ वर जाते, थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते आणि तेलाने न धुतल्या जाणाऱ्या जागी गंज धरतो. तो गंज सुटून दातांत पडला, तर घासणाऱ्या पावडरसारखे काम करतो. तो पुसून काढला, भाग तेलाने माखला, आणि उभ्या जहाजावर पेटीतली हवा कोरडी करणारे यंत्र सतत चालू ठेवायचे, प्युरिफायर बंद करायचा नाही, आणि रोज तेलाचा पंप सुरू करून सगळी साखळी फिरवायची असा नियम पक्का केला.

बेअरिंगांच्या फटी मोजल्या, त्या मर्यादेत होत्या. मुख्य चाकाच्या दोन बेअरिंगांवर भार सारखा आहे का, ही तपासणी मात्र गोदीत केली नाही. कोरड्या गोदीत ठोकळ्यांवर टेकलेल्या जहाजाचा आकार पाण्यातल्यापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे जहाज तरंगू लागल्यावर शाफ्ट जॅकने किंचित उचलून तो भार मोजला. चालू झाल्यावर गिअरची पेटी तापून काही अंशी वर उचलली जाते, म्हणून थंड असताना शाफ्टची रेषा मुद्दाम जराशी खाली-वर ठेवलेली असते. त्यामुळे गरम आणि थंड अशा दोन्ही अवस्थांची मोजमापे वेगवेगळी नोंदवावी लागली.

झाकणे बंद करताना फळ्यावरची प्रत्येक वस्तू परत आल्याची खूण मी केली, चीफनी स्वतः यादी पुन्हा वाचली आणि मगच कुलपे लागली. मुंबईकरांच्या परिचयाच्या जुन्या 'विक्रांत' आणि 'विराट' या विमानवाहू नौकांची शक्तीही वाफेच्या टर्बाइनमधून गिअरमार्गेच प्रॉपेलरपर्यंत जात असे, आणि कारवारची 'विक्रमादित्य' आजही वाफेवरच चालते. अशा यंत्रांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विनंती करीन की जुने फोटो आणि ठसे जपून ठेवावेत, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याला एकाच दिवसाचा दात काहीच सांगत नाही. जहाज सोडताना माझ्या जागी येणाऱ्या इंजिनियरसाठी मी जी नोंदवही ठेवली, तिच्यात चाकावर कोरलेल्या शून्य क्रमांकाच्या दातापासून मोजून खड्डे असलेल्या प्रत्येक दाताचा क्रमांक, कोणता पट्टा, कोणत्या टोकापासून किती मिलिमीटर आणि फोटो कोणत्या झाकणातून घेतला, हे सगळे लिहून दिले.